आवाजाचे दिवे

दिवाळीच्या अंकात दिव्यांवर लिहायचे, हा रिवाज जुना आहे. पणती, समई, लामणदिवा, आकाशकंदील यांच्यावर आजवर इतके लिहून झाले आहे, की त्यात मी आणखी भर घालावी असे काही उरलेले नाही. म्हणून या खेपेस मी अशा एका दिव्याची हकीकत सांगणार आहे, की ज्याच्या उजेडाशी कुणालाच कर्तव्य नाही. तो लागला म्हणजे मंद तांबूस दिसतो, बोट लावले तर चांगला चटका देतो, आणि त्याच्यापासून आपल्याला मिळतो तो प्रकाश नव्हे, आवाज. हा दिवा म्हणजे पूर्वीच्या रेडिओत असे तो व्हॉल्व्ह.

१९६०च्या आसपास ज्यांच्या घरी रेडिओ होता त्यांना आठवत असेल, की बटण फिरवल्याबरोबर रेडिओ बोलत नसे. तो आधी तापे. अर्धा मिनिट सारे घर त्याच्याकडे पाहत बसे, मग दुरून कुणी चालत यावे तसा आवाज हळूहळू जवळ येई. ते रेडिओ गेले, त्यांच्या जागी ट्रॅन्झिस्टर आले, त्यांचेही दिवस सरले. पण व्हॉल्व्ह मात्र एका जमातीने सोडला नाही. ती जमात म्हणजे विद्युत गिटार वाजवणाऱ्यांची. गिटारच्या ध्वनिवर्धकात शेवटचा, म्हणजे सर्वांत ताकदीचा व्हॉल्व्ह कोणता घ्यावा आणि तो कसा बसवावा, यावरून ही मंडळी आजही इतक्या हिरिरीने भांडतात, की लग्नघरातल्या पंगतीच्या बेतावरूनसुद्धा तेवढे भांडण होत नसेल. त्या भांडणामागचा इतिहास मला मोठा बोधप्रद वाटतो.

आधी या दिव्याचे मर्म पाहू. एडिसनने १८८३ साली आपल्या विजेच्या दिव्यात तारेखेरीज आणखी एक पट्टी बसवली, तेव्हा मधल्या पोकळीतून वीज वाहते असे त्याला दिसून आले. १९०४ साली फ्लेमिंग या इंग्रज प्राध्यापकाने त्याचा उपयोग करून घेतला. तापलेल्या कॅथोडमधून विजेचे सूक्ष्म कण बाहेर पडतात आणि समोरच्या धन प्लेटकडे धाव घेतात. प्रवाह एकाच दिशेने जातो, उलट येत नाही, म्हणून त्याने त्याला व्हॉल्व्ह म्हटले. व्हॉल्व्ह म्हणजे झडप. १९०६ साली ली डी फॉरेस्ट या अमेरिकनाने कॅथोड आणि प्लेट यांच्यामध्ये तारेची एक जाळी घातली, आणि खरी जादू तिथे झाली. पाटाच्या दाराची कल्पना करा. दार बोटभर वरखाली करायला एका माणसाचा हात पुरतो, पण त्याने अडतो किंवा सुटतो तो सबंध पाटाचा लोंढा. तसे जाळीवरचा विजेचा दाब किंचित कमीजास्त झाला, की प्लेटकडे जाणारा मोठा प्रवाह त्याच लयीत कमीजास्त होतो. गिटारची तार लोहचुंबकाच्या वेटोळ्यापुढे थरथरते तेव्हा उत्पन्न होणारी वीज अगदी नाममात्र असते. ती लहान व्हॉल्व्ह टप्प्याटप्प्याने वाढवतात, आणि शेवटी लाऊडस्पीकरचा कागदी पडदा हलवण्याचे अंगमेहनतीचे काम असते ते मोठ्या, पॉवर व्हॉल्व्हकडे.

मेहनतीचे काम आले म्हणजे अडचणीही आल्या. जोरात धावत आलेले कण प्लेटवर आपटले, की जमिनीवर पाणी ओतल्यावर उडावेत तसे शिंतोडे उडतात आणि भलतीकडे जातात. आवाजाच्या आलेखाला त्या ठिकाणी एक बाक येतो. फिलिप्स कंपनीतल्या टेलेगेन याने १९२६ साली आणखी एक जाळी घालून ते शिंतोडे आवरले आणि पेटंट घेतले. दुसऱ्याच्या पेटंटला वळसा घालणे हा कारखानदारीतला एक कुळाचार आहे. इंग्लंडात ईएमआय कंपनीच्या बुल आणि रॉडा या दोघा इंजिनियरांनी १९३०नंतरच्या वर्षांत असे दाखवले, की तिसरी जाळी नसली तरी चालेल. कणांचा प्रवाह पट्ट्यांच्या साह्याने नीट झोतात आणला तर शिंतोडे आपोआप मागे फिरतात. त्या तत्त्वावर अमेरिकेतल्या आरसीए कंपनीने १९३६ साली ६एल६ हा व्हॉल्व्ह बाजारात आणला. पुढच्याच वर्षी इंग्लंडात त्याचा भाऊ केटी६६ जन्माला आला. त्यातल्या केटी या अक्षरांचा अर्थच बाक नसलेला असा आहे. फिलिप्सच्या घराण्यातून १९५०च्या आसपास ईएल३४ आला, आणि नंतर थोड्याच वर्षांत त्याचा धाकटा, बोटाएवढा ईएल८४.

यातला एकही व्हॉल्व्ह गिटारसाठी केलेला नव्हता, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. ते झाले रेडिओसाठी, सिनेमागृहांसाठी, सभेतल्या कर्ण्यांसाठी. आणि प्रत्येकाच्या जन्मामागे एकच ध्यास होता: आवाज मोठा व्हावा, पण बिघडू नये.

आता कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी जाऊ. लिओ फेंडर नावाचा एक हिशेबनीस मंदीच्या दिवसांत नोकरी गेल्यामुळे १९३८ साली रेडिओ दुरुस्तीचे दुकान घालून बसला. त्याला गिटार वाजवता येत नव्हती, पण वाजवणारे त्याच्याकडे आपली यंत्रे दुरुस्तीला आणीत आणि काय बिघडले ते सांगत. हा शांतपणे ऐके. १९४६पासून तो स्वतःच्या कारखान्यात गिटार आणि ध्वनिवर्धक करू लागला. लहान ध्वनिवर्धकात त्याने ६व्ही६ हा स्वस्त आणि काटक व्हॉल्व्ह घातला, मोठ्यात ६एल६ किंवा त्याचाच अधिक दणकट अवतार ५८८१. त्याचा बासमन नावाचा ध्वनिवर्धक खर्जाच्या गिटारसाठी होता. १९५८ साली त्याची जी आवृत्ती निघाली, दहा इंची चार स्पीकर असलेली, ती मात्र साध्या गिटारवाल्यांनीच उचलून धरली.

इकडे लंडनच्या पश्चिमेला हॅनवेल येथे जिम मार्शल हा ड्रम शिकवणारा गृहस्थ १९६० साली वाद्यांचे दुकान काढून बसला होता. ड्रमचे विद्यार्थी आले की त्यांच्यामागून त्यांच्या मेळ्यातले गिटारवाले येत, आणि त्यांची एकच तक्रार असे: आम्हांला ऐकू जाईल असा ध्वनिवर्धक द्या. अमेरिकन माल इंग्लंडात फार महाग पडे. तेव्हा मार्शलचा दुरुस्तीवाला केन ब्रॅन आणि ईएमआय कंपनीत उमेदवारी करणारा डडली क्रेव्हन हा पोरसवदा तरुण यांनी फेंडरचा बासमन समोर ठेवून जवळजवळ रेघ न् रेघ त्याची नक्कल केली. १९६२ साली तो ध्वनिवर्धक तयार झाला. मार्शल आणि त्याचा मुलगा टेरी यांच्या आद्याक्षरांवरून त्याला जेटीएम४५ असे नाव पडले.

नक्कल पुरी झाली, पण आवाज तोच निघेना. दहा इंची स्पीकरांऐवजी बारा इंची चार स्पीकर होते, त्यांची पेटी मागून बंद होती, पहिला व्हॉल्व्ह अधिक तिखट होता. आणि मुख्य म्हणजे पॉवर व्हॉल्व्ह बदलत गेले. आरंभी अमेरिकन ५८८१ घातले. मग इंग्लंडात मिळणारा केटी६६ आला. आणि १९६६-६७च्या सुमारास तोही मागे पडून त्याहून स्वस्त आणि मुबलक ईएल३४ आला. म्हणजे हा निर्णय कुणा गायकाच्या कानाने घेतलेला नव्हता. तो दुकानदाराच्या वहीतल्या जमाखर्चाने घेतलेला होता. परंतु ईएल३४ला थोडक्या इशाऱ्यावर उसळण्याचा स्वभाव आहे. ६एल६ला जेवढी ढकलणी लागते त्याहून कमी ढकलणीत तो आपल्या मर्यादेला भिडतो. मधल्या सप्तकातला त्याचा स्वर पुढे येतो आणि कडा खरखरीत होतात. वहीतल्या त्या जमाखर्चातून इंग्लिश रॉकचा आवाज निघाला, असे म्हटले तर फारसे चूक होणार नाही.

त्याच काळात केंट परगण्यात डार्टफर्ड येथे टॉम जेनिंग्ज याच्या कारखान्यात डिक डेनी याने व्हॉक्स एसी३० तयार केला होता. त्याने चार ईएल८४ एकत्र जुंपून तीस वॅट काढले. त्याचा आवाज टाळेच्या खणखणाटासारखा, वर चमकणारा. शॅडोज या मेळ्याने आणि मागून बीटल्सनी तो जगभर नेला.

आता मर्यादेला भिडणे म्हणजे काय? व्हॉल्व्हच्या कुवतीबाहेर त्याला ढकलले, की आवाजाच्या लाटेचा माथा कापला जातो, आणि त्या कापल्या जाण्यातून मूळ स्वरात नसलेले वरचे स्वर उत्पन्न होतात. रेडिओच्या इंजिनियरांनी पन्नास वर्षे ज्या दोषाशी झुंज दिली तो हाच. गिटारवाल्यांनी त्याला गुण ठरवले. १९६६ साली जॉन मेयॉल याच्याबरोबर ध्वनिमुद्रण करताना एरिक क्लॅप्टन या तरुणाने केटी६६ व्हॉल्व्हचा मार्शल रंगमंचावर वाजवावा तितक्या मोठ्या आवाजात वाजवला. स्टुडिओच्या शिस्तीला हा प्रकार नवा होता, पण तबकडी निघाली आणि पुढच्या पिढीने तोच आवाज प्रमाण मानला. आपल्याकडच्या वाचकांना यात नवल वाटू नये. तानपुऱ्याची घोडी गुळगुळीत सपाट केली तर तार स्वच्छ वाजेल, पण तो तानपुरा राहणार नाही. मिरजेचा कारागीर घोडीचा पृष्ठभाग तासून, तारेखाली सुताचा दोरा सरकवून जी जवारी काढतो, ती तरी दुसरे काय? तारेला किंचित अडवून वरचे स्वर जागे करण्याचीच ती विद्या आहे.

जवारी जशी लावावी लागते, तसा पॉवर व्हॉल्व्हही लावावा लागतो. त्या लावण्याला बायस म्हणतात. मोठ्या ध्वनिवर्धकांत व्हॉल्व्ह जोडीने काम करतात. लाकूड कापायच्या दोघांच्या करवतीसारखे. लाटेचा एक अर्ध हा ओढतो, दुसरा अर्ध तो. हा थांबला आणि तो सुरू झाला यांच्यामध्ये क्षणाची फट पडली, की करवत गचका खाते. तो गचका टाळण्यासाठी ज्याची पाळी नाही त्यानेही मूठ थोडी ताणून धरायची असते. म्हणजे वाजवणारा गप्प बसला असतानाही प्रत्येक व्हॉल्व्हमधून थोडा प्रवाह वाहत राहिला पाहिजे. जाळीवर ऋण दाब जास्त दिला तर हा प्रवाह फार कमी होतो, आवाज थंड आणि किरकिरा होतो. ऋण दाब कमी पडला तर व्हॉल्व्ह विनाकारण राबतो, प्लेट तापून लाल होते आणि त्याचे आयुष्य संपते.

मग नेमके किती? त्याला हिशेब आहे. ईएल३४ची प्लेट २५ वॅट उष्णता सोसू शकते. स्वस्थ बसलेल्या स्थितीत तिच्यावर शेकडा ७०हून अधिक भार टाकू नये, असा कारागिरांचा ठोकताळा. २५चे शेकडा ७० म्हणजे साडेसतरा वॅट. प्लेटवर ४५० व्होल्ट असतील, तर साडेसतराला ४५०ने भागायचे. येतात सुमारे ३९ मिलिअँपियर. याहून वर जायचे नाही. खाली किती यायचे ते कानाने ठरवायचे. मोजण्यासाठी कॅथोडच्या वाटेत एक ओहमचा रोध बसवतात. त्याच्यावर जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिअँपियर, भागाकारसुद्धा करावा लागत नाही. एसी३०सारख्या यंत्रात हे काम कॅथोडखालचा मोठा रोध आपणहून करतो. प्रवाह वाढला की तोच आडवा येतो. तिथे फिरवायला खिळा नसतो.

निवडीच्या वेळी लोक फसतात ते खोबणीवरून. ६एल६ आणि ईएल३४ या दोघांचे बूड आठ पायांचे, एकाच खोबणीत बसणारे. पण बसते म्हणून चालते असे नव्हे. ईएल३४ची तिसरी जाळी पहिल्या पायावर आणलेली असते, ती आठव्या पायाशी, म्हणजे कॅथोडशी, जोडावी लागते. ६एल६च्या यंत्रात ती जोडणी असेलच असे नाही. शिवाय तापण्यासाठी ६एल६ला ०.९ अँपियर लागतात, ईएल३४ला दीड. चार व्हॉल्व्ह असले तर २.४ अँपियरचा फरक पडला, तो ट्रान्सफॉर्मरला पेलला पाहिजे. ६व्ही६चेही बूड तेच, पण त्याची प्लेट अवघ्या १२ वॅटची. त्याला ४५० व्होल्टच्या, मोठ्या जोडीसाठी लावलेल्या यंत्रात बसवणे म्हणजे शिंगराला मोटेला जुंपणे. आणि कोणताही नवा व्हॉल्व्ह घातला, जातीचा तोच असला तरी, बायस पुन्हा मोजावाच लागतो. कारण एकाच कारखान्याचे, एकाच दिवशी केलेले दोन व्हॉल्व्हही अगदी सारखे निघत नाहीत.

आमचे एक मामा तालुक्याच्या गावी लग्नाकार्यांना आणि गणेशोत्सवाला कर्णे भाड्याने देत. गिटार त्यांनी जन्मात हाताळली नाही, पण त्यांच्या ध्वनिवर्धकातही अशीच मोठ्या व्हॉल्व्हची जोडी असे. त्यांचे तीन नियम मला लहानपणीच पाठ झाले. पहिला, जोडी फोडायची नाही. एक गेला तर दोन्ही बदलायचे, कारण एक बळकट आणि एक दुबळा झाला की करवत तिरकी चालते, ट्रान्सफॉर्मर तापतो आणि घुमघुम सुरू होते. दुसरा, कर्णा जोडल्याशिवाय यंत्र वाजवायचे नाही. आवाजाला बाहेर पडायला वाट नसली, तर तो ट्रान्सफॉर्मर फोडून वाट काढतो. तिसरा, उघड्या यंत्रात हात घालताना दुसरा हात पाठीमागे. वीज एका हातातून शिरून दुसऱ्यातून निघाली, तर मध्ये काळीज असते. "अरे, बटण बंद केले म्हणजे ती गेली असे समजू नको," ते म्हणत, "ती कपॅसिटरात दबा धरून बसलेली असते." काचेवर निळसर झाक दिसली की आम्ही मुले घाबरत असू. मामा हसत. काचेच्या अंगावरची ती निळाई निरुपद्रवी. भ्यायचे ते प्लेट लाल झाल्यावर, असे ते सांगत. पुढे हे सारे नियम मला गिटारवाल्यांच्या तोंडूनही ऐकायला मिळाले, तेव्हा विद्येला देश नसतो हे पटले.

या विद्येवर संकट आले ते ट्रॅन्झिस्टरच्या रूपाने. त्याचा जन्म १९४७चा. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ साली रेडिओचे व्हॉल्व्ह करायला घेतले, आणि लगेच पुढल्या वर्षी ट्रॅन्झिस्टरच्या जातीचा मालही. म्हणजे पाहुणा उंबऱ्यावर असतानाच त्याचा वारस घरात शिरला होता. पुढल्या वीस-पंचवीस वर्षांत इंग्लंड-अमेरिकेतले मोठमोठे व्हॉल्व्हचे कारखाने एकामागून एक बंद पडले. केवळ यंत्रे मोडीत निघाली असती तर बिघडले नसते. पण जाळीची तार किती ताणावी, कॅथोडवरचा लेप कसा द्यावा, नळीतली शेवटची हवा कशी काढावी, हे ज्या हातांना ठाऊक होते, तेही निवृत्त होऊन घरी गेले. लंकाशायरमधल्या ब्लॅकबर्नच्या मलार्ड कारखान्याचे जुने ईएल३४ आज जपून ठेवलेल्या पैठणीच्या भावाने विकले जातात, ते उगीच नव्हे.

व्हॉल्व्ह टिकला तो पूर्वेकडे. सोव्हिएत गटातल्या देशांनी आणि चीनने त्याचे कारखाने पुष्कळ काळ चालू ठेवले होते. आज गिटारवाल्यांना लागणारा बहुतेक माल रशियातले सारातोव्ह, स्लोव्हाकियातले चाडत्सा आणि चीन येथून येतो. २०२२ साली युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर रशियाने निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा काही काळ तिकडचा पुरवठा थांबला, आणि अमेरिकेपासून युरोपापर्यंतच्या गिटारवाल्यांच्या तोंडचे पाणी पळाले. एका वाद्याचा स्वर दोन-तीन गावांतल्या भट्ट्यांवर अवलंबून राहावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. संगणकाच्या साह्याने व्हॉल्व्हची हुबेहूब नक्कल करणारी यंत्रे आता निघाली आहेत आणि ती चांगली आहेत. परंतु नक्कल करायची कशाची, हे सांगायला तरी अस्सल कुठेतरी जिवंत असावे लागते.

मला या इतिहासातून एक गोष्ट उमगली. परंपरा म्हणून आपण जे जपतो ते सगळेच कुणी परंपरा म्हणून सुरू केलेले नसते. पेटंट चुकवायचे म्हणून एक व्हॉल्व्ह झाला, स्वस्त पडतो म्हणून दुसरा निवडला गेला, आणि कुवतीबाहेर ताणला म्हणून तो गाऊ लागला. ज्यांनी तो ऐकला त्यांनी मात्र कान देऊन ऐकला, आणि एवढ्यानेच त्या योगायोगाची कला झाली.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एखादा जुना रेडिओ किंवा ध्वनिवर्धक खाली निघाला, तर वाचकांनी तो मोडीवाल्याच्या काट्यावर घालण्यापूर्वी मागची पाठ एकदा पाहावी. वीज मात्र जोडू नये. त्यातले कपॅसिटर एव्हाना म्हातारे झालेले असतात, आधी जाणत्या माणसाला दाखवावे. आतल्या काचेवर पुसट अक्षरांत ईएल८४ किंवा ६व्ही६ असे काही वाचता आले, तर तो हलक्या हाताने कापसात गुंडाळून ठेवावा. कुठल्या तरी पोराची गिटार त्याच्यावाचून अडलेली असेल.